शर्यतीचे घोडे आणि अखेरचा रकाना



आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो माझ्यासारख्या शाळामास्तरानें निवडावा याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. घोड्यांच्या शर्यतीवर मीं उभ्या जन्मांत एक पैसा लावलेला नाहीं. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारी हयात मुलांना इतिहास आणि भूगोल शिकविण्यांत गेली, आणि आतां निवृत्तिवेतनावर घरीं बसलों आहें. परंतु जो दरमहा निवृत्तिवेतन घेतो, त्यानें तें ज्यांना मिळत नाहीं अशा सेवकांची एकदां तरी चौकशी करावी, असें मला वाटूं लागलें. अशा सेवकांपैकींच एक म्हणजे शर्यतीचा घोडा. मैदानावरून उतरल्यानंतर त्याचें काय होतें, हा आजचा विषय आहे.

शाळेंत पुष्कळ वर्षें जनरल रजिस्टर माझ्या ताब्यांत होतें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांच्याकरितां सांगतों. या जाड वहींत प्रत्येक मुलाच्या नांवासमोर त्याची जन्मतारीख, जन्माचें गांव, आधींची शाळा, दाखल झाल्याचा दिवस, अभ्यासांतील प्रगति आणि वर्तणूक यांची नोंद असते. अगदीं शेवटीं दोन रकाने असतात : शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचें कारण. तपासणीस येणारे एक वृद्ध साहेब पहिले रकाने वरवर चाळीत. पण या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून थांबत. "पोर कोठून आलें हें कोणीही सांगेल, मास्तर, तें कोठें गेलें हें तुम्हांला सांगतां आलें पाहिजे," असें ते म्हणत. आजचा इतिहास मी या एका रकान्याच्या आधारानें सांगणार आहें.

माझ्या लहानपणीं, म्हणजे १९६८-६९ च्या सुमारास, पुण्यांत टांगे होते. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर एक म्हातारे टांगेवाले उभे राहत. त्यांची घोडी इतर तट्टांहून चांगली वीतभर उंच, निमुळत्या तोंडाची आणि पातळ कातडीची होती. "पोरा, ही लष्करांतल्या मैदानावर पळालेली आहे बरं," असें ते मोठ्या अभिमानानें सांगत. मी घरून गुळाचा खडा आणून तिच्यापुढें तळहात धरीत असें. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली, तेव्हां टांग्याला दुसरेंच तट्टू जुंपलेलें दिसलें. "बाबा, ती घोडी कुठं आहे?" मीं विचारलें. "गेली," ते म्हणाले, आणि खाली वाकून जोत्याचा पट्टा आवळूं लागले. आपल्या भाषेंत हा शब्द मोठा सोयीचा आहे. गांवाला गेलेलाही गेला आणि जगांतून गेलेलाही गेला. विचारणाऱ्यानें पुढें विचारूं नये, एवढाच त्याचा अर्थ.

हाच शब्द पुढें जगांतल्या एका अत्यंत नामांकित घोड्याविषयीं उच्चारला गेला. त्याची हकीकत आपण आधीं पाहूं.

अमेरिकेंतील केंटकी संस्थान घोड्यांच्या पैदाशीबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील क्लेबोर्न नांवाच्या विख्यात पागेंत १९८३ सालीं एक तांबूस रंगाचें शिंगरूं जन्मास आलें. त्याचें नांव फर्डिनंड. त्याचा बाप निजिन्स्की हा स्वतः इंग्लंडांतील डर्बीचा विजेता होता. ३ मे १९८६ रोजीं लुईव्हिल शहराच्या चर्चिल डाउन्स मैदानावर केंटकी डर्बीची सव्वा मैलांची शर्यत झाली. सोळा घोड्यांच्या त्या शर्यतींत फर्डिनंड सुरुवातीस अगदीं शेवटीं होता. त्याच्यावर पैसे लावणारे थोडेच होते. परंतु अखेरच्या वळणानंतर पुढच्या घोड्यांमध्यें क्षणभर एक फट पडली. त्या फटींतून स्वारानें त्याला पुढें काढलें, आणि फर्डिनंड पहिला आला. स्वार होता बिल शूमेकर, वय ५४. इतक्या वयाच्या स्वारानें ती शर्यत त्यापूर्वीं कधीं जिंकलेली नव्हती. घोड्याला तयार करणारे चार्ली व्हिटिंगहॅम तेव्हां ७३ वर्षांचे होते, आणि ही डर्बी त्यांनाही आयुष्यांत पहिल्यानेंच मिळाली. दोन वृद्धांनीं आणि एका कोवळ्या घोड्यानें मिळविलेला तो विजय पाहून त्या देशांतील लोकांचे डोळे भरून आले, तर त्यांत नवल नाहीं.

पुढच्या वर्षीं, म्हणजे १९८७ च्या नोव्हेंबरांत, ब्रीडर्स कप क्लासिक या मोठ्या शर्यतींत फर्डिनंडनें त्या वर्षींचा डर्बी-विजेता अलिशेबा याला केवळ नाकाच्या अंतरानें मागें टाकलें. त्या वर्षाचा सर्वश्रेष्ठ घोडा म्हणून त्याचा गौरव झाला. साऱ्या कारकीर्दींत त्यानें २९ शर्यती धावून ३७ लाख ७७ हजारांहून अधिक डॉलर मालकांस मिळवून दिले. १९८९ मध्यें तो निवृत्त झाला आणि जेथें जन्मला त्याच क्लेबोर्नच्या पागेंत पैदाशीकरितां परत आला. येथवरचे सगळे रकाने सुंदर अक्षरांत भरलेले आहेत.

पैदाशीच्या घोड्याची किंमत मात्र त्याच्या स्वतःच्या पराक्रमावर फार दिवस टिकत नाहीं. त्याचीं पोरें धांवलीं तर बाप मोठा. पोरें मागें पडलीं कीं बापाचाही भाव उतरतो. फर्डिनंडचीं पोरें बापासारखीं निघालीं नाहींत. तेव्हां १९९४ सालीं त्याला जपानांत विकण्यांत आलें. त्या काळीं जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटांत नव्यानें मोठमोठ्या पागा उभ्या राहत होत्या, आणि अमेरिकेंतील नांवाजलेले घोडे तिकडे मोठ्या किमतीस जात. तेथें पहिल्या वर्षीं त्याच्याकडे ७७ घोड्या आणल्या गेल्या. २००० सालीं ही संख्या १० वर आली. मोतद्दार सांगतात कीं, त्याच्याइतका गरीब स्वभावाचा घोडा विरळा. कुरणांतून हांक मारली कीं तो आपण होऊन येई आणि आपलें डोकें माणसाच्या अंगावर टेकवून उभा राही. परंतु गरीब स्वभावाचा भाव कोणत्याही बाजारांत लागत नाहीं. २००१ सालीं फर्डिनंड एका घोडेव्यापाऱ्याच्या हातीं गेला.

पुढें २००३ मध्यें एका अमेरिकन वार्ताहर बाईंनीं त्याचा शोध चालविला. तो व्यापारी प्रथम म्हणाला कीं, त्याला खच्ची करून एका मित्राला देऊन टाकला. त्या मित्राचा पत्ता विचारतां उत्तर बदललें. शेवटीं त्यानें कबूल केलें कीं, तो घोडा आतां नाहीं. आदल्याच वर्षीं त्याची विल्हेवाट लागली. घोड्यांच्या नोंदवहींतूनही २००२ च्या सप्टेंबरांत त्याचें नांव कमी झालेलें होतें. अमेरिकेच्या 'ब्लड-हॉर्स' या साप्ताहिकांत ही हकीकत प्रसिद्ध झाली. लाखो लोकांनीं ज्याच्या नांवानें जयघोष केला, तो घोडा वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं कत्तलखान्यांत संपला, हें जगास असें वर्षभरानंतर कळलें.

येथें कोणी जपानी लोकांस दोष देऊं लागेल, तर तो न्याय होणार नाहीं. ज्या वर्षीं फर्डिनंड मारला गेला, त्या वर्षीं खुद्द अमेरिकेंत टेक्सास संस्थानांतील घोड्यांचे कत्तलखाने उघड उघड चालू होते. आणि याच्या पांच वर्षें आधीं युरोपांत अगदीं असेंच घडून गेलें होतें. एक्सेलर हें त्या घोड्याचें नांव. एकाच वर्षीं तीन ठराविक थोर शर्यती जिंकणाऱ्या घोड्यास अमेरिकेंत 'ट्रिपल क्राउन'चा मान मिळतो. १९७७ सालीं तो सिअ‍ॅटल स्लू या घोड्यानें मिळविला आणि १९७८ सालीं अफर्म्ड यानें. या दोघांनाही १९७८ च्या ऑक्टोबरांत एकाच शर्यतींत एक्सेलरनें हरविलें. तसा पराक्रम दुसऱ्या कोणत्याही घोड्याच्या नांवावर नाहीं. आणि योगायोग असा कीं, एक्सेलरचा त्या दिवशींचा स्वार शूमेकरच, आणि शिक्षक व्हिटिंगहॅमच! पुढें तो स्वीडन देशांत पाठविला गेला. तेथें मालक पैशाच्या अडचणींत आला, आणि १९९७ च्या एप्रिलांत, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, एक्सेलर कत्तलखान्यांत गेला. दोन वर्षांनीं, १९९९ मध्यें, अमेरिकेंतील घोडदौडीच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव कोरलें गेलें. जिवंतपणीं ज्याला मूठभर चंदी मिळाली नाहीं, त्याला मेल्यावर शिलालेख मिळाला. अशीं उदाहरणें माणसांतही थोडीं नाहींत. पण तो विषय वेगळा.

आतां आपण विचारूं कीं, असें कां होतें? मालक सगळेच कठोर असतात असें मुळींच नाहीं. कारण साधें त्रैराशिकाचें आहे. घोडा २ वर्षांचा झाला कीं मैदानावर उतरतो. ५-६ वर्षांचा होईपर्यंत बहुतेकांची कारकीर्द संपते. आणि नीट सांभाळला तर तो २५ वर्षें, क्वचित् त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे मिळकतीचीं वर्षें तीन-चार आणि खाण्याचीं वर्षें वीस. त्यांतून थोडे निवडक घोडे आणि काहीं घोड्या पैदाशीकरितां ठेवल्या जातात, बाकीच्यांचें काय? शिवाय दरसाल नवीन शिंगरें जन्मास येतच असतात. नव्यांना जागा हवी, तर जुन्यांनीं ती मोकळी करावयास हवी. घोड्यानें गवताशीं मैत्री केली तर तो खाईल काय, अशी आपल्याकडे म्हण आहे. या धंद्यानें तिच्यांत थोडा फेर केला आहे : मालकानें घोड्याशीं मैत्री केली तर तो कमावील काय?

वास्तविक या जातीच्या घोड्यांची नोंद ठेवण्यांत माणसानें कसूर केलेली नाहीं. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून इंग्लंडांत आणलेल्या तीन घोड्यांपासून आजची थरोब्रेड जात निघाली. १७९१ सालीं त्यांच्या वंशावळीचा ग्रंथ इंग्लंडांत प्रथम छापला गेला, आणि ती परंपरा आजही चालू आहे. कोणाचा बाप कोण, आई कोण, जन्म केव्हां, हें पिढ्यान् पिढ्या लिहिलेलें सांपडतें. पुष्कळ राजघराण्यांची बखर इतकी चोख नसेल. एक्लिप्स नांवाचा अठराव्या शतकांतला घोडा १८ शर्यती धांवला आणि एकही हरला नाहीं. १७८९ मध्यें तो मेला, तेव्हां त्याचा सांगाडा जपून ठेवण्यांत आला. तो आज इंग्लंडच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत आहे. फर्डिनंड हा पितृपरंपरेनें याच एक्लिप्सच्या वंशांतला. पूर्वजाचें हाडन् हाड जतन केलेलें, आणि वंशजाचा ठावठिकाणा नाहीं! वंशावळीच्या त्या वहींत जन्माचा रकाना सक्तीचा होता. शर्यतीबाहेर पडलेला घोडा कोठें गेला, हें लिहिण्याची सक्ती मात्र कोणावर नव्हती.

इतिहास सांगणारानें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घोड्याची कत्तल ही दयेपोटीं मागितली गेली, असाही एक काळ युरोपांत होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या रस्त्यांवर थकलेले घोडे मरेपर्यंत जुंपले जात. कारण मेलेल्या घोड्याची किंमत कातड्याखुरांपलीकडे फारशी नव्हती. जॉफ्र्वा सेंट-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८५६ सालीं एक ग्रंथ लिहून घोड्याचें मांस माणसांनीं खावें असा पक्ष मांडला. एमिल देक्र्वा नांवाच्या लष्करी पशुवैद्यानें तो पक्ष हिरीरीनें पुढें नेला. त्याचें म्हणणें असें कीं, म्हाताऱ्या घोड्याच्या मांसास भाव आला, तर मालक त्याला उपाशी ठेवून, चाबकानें फोडून, शेवटच्या श्वासापर्यंत राबविणार नाहीं. घोड्याचे हाल वांचतील आणि गरिबाला स्वस्त अन्न मिळेल. १८६६ सालीं पॅरिसमध्यें घोड्याच्या मांसाचें पहिलें परवानगीचें दुकान उघडलें.

या युक्तिवादांत प्रामाणिकपणा आहे, हें मी नाकारीत नाहीं. हाल हाल होऊन मरण्यापेक्षां झटकन् येणारें मरण बरें, हें कोणीही मान्य करील. परंतु पुढें काय झालें पहा. मांसाला भाव आला, तसा त्या भावासाठीं व्यापार सुरूं झाला. इंग्लंडांतले काम करून थकलेले घोडे बोटींत घालून युरोपच्या किनाऱ्यावर नेण्यांत येऊं लागले. १९११ सालीं एडा कोल या इंग्रज बाईंनीं बेल्जममधील अँटवर्पच्या बंदरावर अशा घोड्यांची रांग पाहिली. समुद्रप्रवासानें अर्धमेले झालेले ते प्राणी कत्तलखान्याकडे पायीं चालविले जात होते. तें दृश्य त्या बाई विसरल्या नाहींत. पुढें १९२७ मध्यें त्यांनीं या व्यापाराविरुद्ध एक संस्था स्थापन केली, आणि १९३७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें अशा निर्यातीवर निर्बंध घालणारा कायदा केला. दयाळू माणसानें उघडलेलें दार व्यापाऱ्यानें किती रुंद केलें, याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

बंदी घालणें हाही पुरा उपाय ठरला नाहीं. अमेरिकेंतले घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने, दोन टेक्सासांतले आणि एक इलिनॉयमधला, २००७ सालीं बंद पडले. लोकांना वाटलें, काम झालें. परंतु खरेदी करणारे तेच राहिले. फक्त मालमोटारींच्या वाटा लांबल्या. घोडे सरहद्दीपलीकडे मेक्सिको आणि कॅनडा या देशांत जाऊं लागले, आणि नंतरचीं कित्येक वर्षें ही संख्या दरसाल लाखाच्या वर होती. अलीकडे ती बरीच उतरली आहे. त्याला कायद्याइतकेंच आणखी एक कारण घडलें, तें औषधांचें. शर्यतीच्या घोड्यांना सांधेदुखी आणि सूज यांवर फिनिलब्युटाझोन हें औषध सर्रास दिलें जातें. पण ज्या जनावराचें मांस माणसांच्या ताटांत जावयाचें, त्याला तें देण्यास मनाई आहे. घोड्याला काय काय दिलें गेलें याची खात्री नसल्यामुळें युरोपच्या संघानें २०१५ पासून मेक्सिकोंतून येणारें घोड्याचें मांस बंद केलें. ब्रिटनमध्यें १ जानेवारी २०२२ पासून असा नियम आहे कीं, शर्यतीस उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या ओळखपत्रावर 'हा माणसाच्या अन्नासाठीं नाहीं' अशी नोंद आधींच झालेली असली पाहिजे. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. कारण शेवटच्या रकान्याविषयीं पहिल्याच दिवशीं विचार करावयास लावणारा हा नियम आहे.

फर्डिनंडचें मरण अगदींच वायां गेलें नाहीं. त्याची वार्ता ज्या २००३ सालीं पसरली, त्याच वर्षीं मायकेल ब्लोवेन नांवाच्या एका निवृत्त वृत्तपत्रकारानें केंटकींत म्हाताऱ्या शर्यतीच्या घोड्यांसाठीं 'ओल्ड फ्रेंड्स' म्हणून एक आश्रम काढला. हे गृहस्थ पूर्वीं सिनेमांवर टीका लिहीत. आपल्या भाषेंत त्या आश्रमाला पांजरपोळच म्हणावयाचें. १९९७ चा डर्बी-विजेता सिल्व्हर चार्म हा घोडाही फर्डिनंडसारखाच जपानांत विकला गेला होता. परंतु विकतांनाच त्याच्या मालकांनीं असें ठरवून ठेवलें होतें कीं, पैदाशीचे दिवस संपले कीं घोडा मायदेशीं परत यावा. त्याप्रमाणें २०१४ च्या अखेरीस तो परत आला आणि या आश्रमांत राहिला. तोच देश, तोच बाजार, तसाच डर्बी-विजेता. एक कत्तलखान्यांत गेला आणि एक कुरणांत. दोघांत फरक पडला तो आधींच विचार करून ठेवलेल्या त्या एका अटीचा.

"माणसांना खावयास नाहीं आणि घोड्यांना पेन्शन कसली?" असें कोणी विचारील, तर त्यालाही उत्तर आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत निवृत्त घोड्यांसाठीं एक प्रतिष्ठान निघालें. जागा नव्हती, पैसा नव्हता. तेव्हां न्यूयॉर्क संस्थानांतील वॉलकिलच्या तुरुंगाशीं त्यांनीं करार केला. तुरुंगाची जमीन घोड्यांना चरावयास मिळाली, आणि कैदी त्यांचा खरारा, दाणावैरण, औषधपाणी पाहूं लागले. जगानें टाकून दिलेल्या दोघांची तेथें गांठ पडली. घोड्याला सांभाळणारा मिळाला आणि कैद्याला हातीं धरावयास धंदा. दयेचा खर्च नेहमीं एकाच बाजूनें होतो असें नाहीं.

आपल्याकडे काय आहे? घोड्याचें मांस खाण्याची चाल आपल्यांत सहसा नाहीं, म्हणून आपण स्वतःला निर्दोष समजतों. १८३४ सालीं सर जमशेटजी जीजीभाई आदि थोर गृहस्थांनीं मुंबईस पांजरपोळ स्थापन केली, हेंही आपण अभिमानानें सांगतों, आणि तो अभिमान रास्त आहे. शर्यतीच्या घोड्याच्या उतारवयाचा एक वेगळा उपयोग तर आपल्याच प्रांतांत झाला. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या पैदाशीच्या पागेंतील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात. घोड्याला अगदीं अल्प प्रमाणांत विष टोंचीत जावें, त्याचें शरीर त्यावर उतारा तयार करतें, आणि मग त्याच्या रक्तांतला तो उतारा काढून धनुर्वाताच्या किंवा सर्पदंशाच्या रोग्याला द्यावयाचा, अशी ही रीत. हे घोडे दुसऱ्यांस द्यावयाचे, तर आपणच लस कां तयार करूं नये, या विचारांतून १९६६ सालीं पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सापानें दंश केलेला खेड्यांतला शेतकरी आज वांचतो, तो घोड्याच्या रक्तामुळें. ही घोड्याची दुसरी नोकरी पहिलीहून थोर आहे, असें मी म्हणेन. पण नोकरी ती नोकरीच. तीही एक दिवस संपते, आणि तेव्हां तो शेवटचा रकाना पुन्हा आपल्यापुढें उभा राहतो.

शिवाय न मारणें म्हणजे सांभाळणें नव्हे. टांग्याला जुंपून, वरातींत नाचवून, आणि शेवटीं लंगडा झाला कीं रस्त्यावर मोकळा सोडून देणें, यांत कत्तलखान्याइतकें रक्त सांडत नाहीं. पण घोड्याला त्या फरकाचें समाधान वाटत असेल असें मला वाटत नाहीं. महाभारतांत जयद्रथवधाच्या दिवशीं, सूर्य कलला असतां आणि प्रतिज्ञेची वेळ टळत चालली असतां, श्रीकृष्णानें भर रणांत रथाचे घोडे सोडले. त्यांच्या अंगांत रुतलेले बाण त्यानें स्वतःच्या हातांनीं उपटले, अंग चोळलें, त्यांना पाणी पाजलें. अर्जुन तोंवर जमिनीवर उभा राहून शत्रूंस अडवीत होता. ज्याच्या पाठीवर किंवा ज्याच्या बळावर आपण पुढें गेलों, त्याच्यासाठीं थांबावयास वेळ नाहीं असें म्हणण्याचा अधिकार त्या दिवशीं अर्जुनाला होता. त्यानें तो वापरला नाहीं. गरज सरो वैद्य मरो ही म्हण आपलीच आहे, आणि ही कथाही आपलीच.

मला दिलेला वेळ संपत आला. फर्डिनंडला ज्यानें जन्म दिला, ज्यानें शिकविलें, ज्यानें पळविलें, ज्यानें विकलें आणि ज्यानें घेतलें, त्यांपैकीं बहुतेकांनीं आपापल्या परीनें त्याच्यावर माया केली असेल. कायदा तर कोणीच मोडला नाहीं. तो एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला, आणि प्रत्येक हाताला वाटलें कीं पुढचा हात त्याला सांभाळील. शाळेचें मूलही असेंच हरवतें. जुनी शाळा म्हणते, नव्या शाळेंत गेलें असेल. नवी शाळा म्हणते, आमच्याकडे आलेंच नाहीं. म्हणून मला उपाय दिसतो तो फार मोठा नाहीं. ज्या दिवशीं शिंगराच्या जन्माची नोंद होते, त्याच दिवशीं त्याच ओळीच्या शेवटीं एक नांव लिहिलें जावें : हा थकल्यावर याची जबाबदारी कोणाची? आणि जिंकलेल्या प्रत्येक बक्षिसांतून थोडा भाग त्या नांवाच्या माणसाकडे बाजूस काढून ठेवला जावा. शर्यती बंद करा असें मी म्हणत नाहीं. मी म्हणून त्या बंद होणारही नाहींत. पण ज्यांना घोड्याचें बाप, आजा, पणजा पाठ आहेत, त्यांना त्याचा शेवट ठाऊक असावा, एवढी अपेक्षा कांहीं फार नव्हे.

त्या टांगेवाल्या बाबांवर माझा रोष नाहीं. त्यांचें पोट त्या घोडीच्या पायांवर होतें, आणि उत्तर देतांना त्यांनीं मान खालीं घातली होती, हें मीं पाहिलें आहे. मी मात्र त्या वेळीं गुळाचा खडा खिशांत परत टाकून वर्गांत जाऊन बसलों. पुढें इतकीं वर्षें इतरांच्या मुलांचा शेवटचा रकाना भरीत असतां, एक ओळ आपण स्वतः कोरी सोडली आहे, हें मला अधूनमधून आठवत राहिलें. आज ती आपल्यासमोर वाचून दाखविली.